शेतात उतरलेलं विमान आणि जनरल थोरात

सबमिशन, व्हायवा आणि मेसच्या पातळ वरणाच्या धबडग्यात चरित्र वाचायला वेळ कुणाला असतो? अंकासाठी लेख द्या म्हटलं की आपल्यातले निम्मे जण कविता देतात आणि उरलेले 'यशाची सात सूत्रं' छापाचं काहीतरी. मी मात्र या वेळी एका शिपाईगड्यावर लिहायचं ठरवलं. त्यांचं नाव लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. सैन्यात ते एस. पी. पी. थोरात या नावानं ओळखले जात. कोल्हापूरकडच्या जुन्या लोकांना हे नाव चांगलं माहीत असतं. आपल्या विदर्भात मात्र मी होस्टेलच्या आमच्या विंगमध्ये दहा जणांना विचारलं, तेव्हा जेमतेम एकाला ठाऊक होतं, तेही एमपीएससीच्या तयारीमुळं. त्याचं कारण पुढं येईलच.

थोरातांपर्यंत मी पोचलो तो विमानाच्या नादानं. माझं गाव तळेगाव (श्यामजी पंत), वर्धा जिल्हा, आष्टी तालुका. नागपूर-अमरावती हायवेवरचं गाव. त्यामुळं लहानपणापासून खाली ट्रकची रांग आणि वर नागपूरला जाणारं एखादं विमान, एवढं बघतच आम्ही मोठे झालो. मेकॅनिकलला आल्यावर ब्रेकिंगचा चॅप्टर शिकलो आणि डोक्यात आलं की ट्रकला ब्रेक लागायला इतकं अंतर लागतं, तर विमानाचं काय होत असेल? त्या नादात मी विमानांच्या उतरण्याबद्दल, विशेषतः हवाई दलाच्या विमानांच्या उतरतानाच्या अपघातांबद्दल मिळेल ते वाचत सुटलो. त्यातच १९५२ सालच्या एका अपघाताची माहिती हाती लागली आणि तिथं थोरात भेटले.

आधी थोडं गणित बघू, म्हणजे पुढची गोष्ट नीट कळेल. विमान धावपट्टीवर टेकलं पण वेळेत थांबलं नाही आणि पट्टी संपून पुढं मातीत, नाल्यात किंवा भिंतीवर गेलं, अशा तऱ्हेचे अपघात जगभर वरचेवर होतात. त्यामागची कारणं फार गूढ नसतात. वेग जास्त असतो, किंवा विमान उशिरा टेकतं, किंवा पट्टी ओली असते, किंवा ब्रेक दगा देतात. बऱ्याचदा यातली दोन-तीन एकदम जुळून येतात.

समजा, एक छोटं विमान ताशी १५० किलोमीटर वेगानं टेकलं. म्हणजे सेकंदाला साधारण ४२ मीटर. ब्रेकनं त्याचा वेग दर सेकंदाला ३ मीटर प्रति सेकंद इतका कमी होतोय असं धरा. ते थांबायला सुमारे २९० मीटर लागतील. आता टेकतानाचा वेग ताशी १८० धरा. वेग वाढला फक्त २० टक्के, पण थांबायला लागतात सुमारे ४१७ मीटर, म्हणजे ४४ टक्के जास्त. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे आपण अकरावीत पाठ केलं. इथं ते अंगावर येतं. पट्टीवर पाणी साचलं असेल, चाकं पाण्यावर तरंगल्यासारखी घसरत असतील आणि वेग सेकंदाला एकाच मीटरनं कमी होत असेल, तर ताशी १५० वेगालाही ८७० मीटरच्या आसपास लागतात. शिवाय टेकायला पाच सेकंद उशीर झाला, तर २०० मीटर पट्टी आधीच मागं गेलेली असते.

म्हणून तर पट्ट्या लांबलचक असतात. आपल्या नागपूरची ३,२०० मीटर आहे. लढाऊ विमानांच्या तळांवर पट्टीच्या टोकाला जाळं उभं करायची सोय असते आणि अनेक लढाऊ विमानं टेकल्यावर मागं छत्री उघडतात. हा सगळा खटाटोप एकाच गोष्टीसाठी, पट्टी संपायच्या आत विमान उभं राहावं म्हणून.

आता असं समजा की पट्टीच नाही. खाली आहे ती शेतकऱ्याची जमीन. एका इंजिनाला आग लागलेली आणि आत भारतीय सैन्यातले बडे बडे अधिकारी बसलेले. ३ फेब्रुवारी १९५२ रोजी नेमकं हेच घडलं. त्या विमानात थोरात होते. पण तिथवर ते पोचले कसे, ते आधी सांगतो.

शंकररावांचा जन्म १२ ऑगस्ट १९०६ चा, कोल्हापूर भागातल्या वडगावचा. वडील डॉ. पांडुरंग पाटील हे शेतीशास्त्रातले नावाजलेले जाणकार. घर मराठी, मातीशी जवळीक असलेलं आणि शिक्षणाला किंमत देणारं. त्या काळी सैन्यात मराठी माणसं भरपूर होती, पण ती शिपाई, हवालदार, सुभेदार या हुद्द्यांवर. अधिकारी व्हायचं तर इंग्लंडमधल्या सँडहर्स्टच्या सैनिकी कॉलेजात जावं लागे आणि तिथं हिंदी मुलांना दरवर्षी अगदी मोजक्या जागा असत. आपल्या कोट्याच्या आणि कटऑफच्या तक्रारी त्यापुढं काहीच नाहीत म्हणा ना! तिथं निवड होणं, गोऱ्या मुलांच्या बरोबरीनं घोडेस्वारी, कवायत, नकाशे, इंग्रजी शिष्टाचार शिकणं आणि वर रोजचा वर्णभेद पचवणं, हे सगळं करून १९२६ साली शंकरराव अधिकारी होऊन बाहेर पडले. कोडगूचे के. एस. थिमय्याही त्याच वर्षी सँडहर्स्टमधून अधिकारी झाले. या दोघांच्या वाटा पुढं आयुष्यभर एकमेकांना भेटत राहिल्या.

थोरात चौदाव्या पंजाब रेजिमेंटमध्ये रुजू झाले. कोल्हापूरचा पोरगा, हाताखाली पंजाबी मुसलमान, शीख, पठाण जवान आणि वर इंग्रज अधिकारी! जवानांची भाषा, त्यांचं खाणंपिणं, सणवार शिकून घेतल्याशिवाय अशा पलटणीत निभाव लागत नाही. पुढं कोरियात जे जमलं, त्याची तालीम मला वाटतं इथंच झाली असावी.

इथं एक प्रश्न माझ्या मनात येतो आणि तो टाळून पुढं जाणं मला बरं वाटत नाही. आमच्या तळेगावला लागूनच आष्टी आहे. १६ ऑगस्ट १९४२ ला, नागपंचमीच्या दिवशी, तिथल्या पोलीस ठाण्यावर मोर्चा गेला, गोळीबार झाला, माणसं शहीद झाली. शहीदांची आष्टी म्हणून ती आजही ओळखली जाते. आमच्याकडची पोरं हे ऐकतच मोठी होतात. ज्या इंग्रज सरकारच्या गोळ्या आष्टीत लोकांनी छातीवर घेतल्या, त्याच सरकारचा गणवेश त्या वेळी थोरातांच्या अंगावर होता. मग त्यांच्याकडं बघायचं कसं?

मी यावर बराच विचार केला. मला जे समजलं ते असं. स्वातंत्र्य मिळालं त्या दिवशी या देशाला सैन्य लागणार होतं आणि ते चालवायला आपली माणसं लागणार होती. पलटणीच्या पलटणी लढवलेली, मोठ्या युद्धाचा अनुभव असलेली माणसं एका रात्रीत तयार होत नाहीत. आष्टीच्या लोकांनी जे केलं त्यामुळं देश आपला झाला. थोरात, थिमय्या यांच्यासारख्यांनी जे शिकून ठेवलं त्यामुळं तो राखायला माणसं मिळाली. दोन्ही एका मापानं मोजू नये. आष्टीवाल्यांनी प्राण दिले आणि बदल्यात काही मागितलं नाही, त्यांचा मान वेगळाच. पण थोरातांना नुसतं इंग्रजांचा नोकर म्हणून बाजूला सारणंही खरं नाही. कुणाला हे पटणार नाही, तर मेसमध्ये भेटा, बोलू.

युद्धात थोरात ब्रह्मदेशात लढले. जानेवारी १९४५ मध्ये आराकानच्या किनाऱ्याजवळ कांगॉ इथं भयंकर लढाई झाली. तिथं ५१ व्या हिंदी ब्रिगेडमध्ये तिन्ही पलटणींचे प्रमुख हिंदी होते: थोरात, थिमय्या आणि एल. पी. सेन. हिंदी अधिकाऱ्यांना मोठी पलटण लढाईत सांभाळता येणार नाही, असा तोवर इंग्रजांचा समज. जपान्यांनी टेकड्यांवर खंदक खणून ठाण मांडलं होतं आणि त्या टेकड्या संगिनी लावून, हातघाईनं घ्याव्या लागल्या. थोरातांची दुसऱ्या पंजाब रेजिमेंटची दुसरी पलटण 'मेलरोझ' नाव दिलेल्या टेकडीवर चढली आणि ती घेतली. माणसं खूप पडली. या लढाईसाठी तिघांनाही डी.एस.ओ. हा मोठा सैनिकी सन्मान मिळाला. तो समज तिथंच गाडला गेला.

स्वातंत्र्यानंतर इंग्रज अधिकारी परत गेले आणि वरच्या जागा भराभर रिकाम्या झाल्या. थोरात मेजर जनरल झाले. आता येऊ त्या विमानाकडं.

डेव्हॉन नावाचं हे विमान इंग्लंडच्या डी हॅविलँड कंपनीचं. दोन पिस्टन इंजिनं, आठ-दहा माणसांची सोय, वजन भरून साधारण चार टन. म्हणजे आमच्या हायवेवरच्या भरलेल्या ट्रकपेक्षा हलकंच. हवाई दल ते बड्या अधिकाऱ्यांच्या प्रवासाला वापरत असे. ३ फेब्रुवारी १९५२ ला असं एक डेव्हॉन लखनौहून दिल्लीला निघालं. चालक होते फ्लाइट लेफ्टनंट सुहास बिस्वास, वय तिशीच्या आतलं. प्रवासी कोण, तर लेफ्टनंट जनरल श्रीनागेश, मेजर जनरल थिमय्या, मेजर जनरल थोरात, मेजर जनरल सरदानंद सिंग, मेजर जनरल मोहिंदर सिंग चोप्रा आणि ब्रिगेडियर अजाइब सिंग. त्यातल्या श्रीनागेशांचा जन्मही कोल्हापूरचाच.

लखनौ मागं पडून फार वेळ झाला नव्हता. डाव्या इंजिनाला आग लागली. बिस्वासांनी ते इंजिन बंद केलं, आग विझवायचं यंत्र चालवलं. आग विझली नाही.

इंजिनाची आग इतकी वाईट का, ते आपल्या भाषेत सांगतो. इंजिन पंखावर असतं आणि पेट्रोलच्या टाक्याही पंखातच असतात. आग टाकीपर्यंत पोचली की स्फोट. तसं झालं नाही, तरी तापून पंखाचा मुख्य कणा मऊ पडतो आणि मग पंखच तुटतो. अशा वेळी हाताशी किती मिनिटं आहेत हे कुणीच सांगू शकत नाही. त्यात एका बाजूचं इंजिन बंद, म्हणजे विमान सारखं त्या बाजूला वळायला बघतं. पायानं रडर दाबून ते सरळ धरावं लागतं. लखनौला परतावं की दिल्लीकडं जात राहावं, असा प्रश्नच उरला नव्हता. खाली जी जमीन मिळेल तिथं उतरायचं, एवढाच मार्ग होता.

आणि इथं आपलं मघाचं गणित उलटं फिरतं. धावपट्टीवर लांबी आपल्याला आधी माहीत असते. शेतात ती वरून डोळ्यांनीच मोजायची. बांध कुठं आहे, झाड कुठं आहे, नाला कुठं आहे, जमीन नांगरलेली की कडक, वारा कुठून, हे सगळं काही सेकंदांत. वेग जास्त ठेवला तर शेत संपेल, कमी केला तर विमान वरूनच आपटेल. पट्टीवर बेत बिघडला तर पुन्हा उडून एक फेरी मारता येते. जळत्या विमानाला ती सोय नसते.

बिस्वासांनी संडीलाजवळच्या एका शेतात विमान उतरवलं. संडीला हे हरदोई जिल्ह्यातलं गाव, लखनौपासून साधारण पन्नास किलोमीटरवर. आतले सगळे जिवंत बाहेर आले.

सुहास बिस्वासांना अशोकचक्र, पहिला वर्ग, मिळालं. हा सन्मान सुरू होऊन तेव्हा महिनाच झाला होता; ४ जानेवारी १९५२ ला त्याची घोषणा झाली होती. रणांगणाबाहेर दाखवलेल्या असामान्य धैर्यासाठी तो असतो. हवाई दलात तो मिळवणारे बिस्वास पहिले. पुढं १९५७ साली ते विमान अपघातातच गेले. एका अपघातातून त्यांनी सगळ्यांना सोडवलं, दुसऱ्यानं त्यांना नेलं.

आता जरा हिशोब करा. त्या विमानातले श्रीनागेश १९५५ मध्ये सरसेनापती झाले. त्यांच्यानंतर १९५७ मध्ये थिमय्या सरसेनापती झाले. म्हणजे देशाचे पुढचे दोन लागोपाठ सरसेनापती आणि ज्यानं चीनचं संकट आधी ओळखलं तो सेनानी, तिघं एकाच जळत्या चार टनी विमानात होते. शेत शंभर मीटर कमी पडलं असतं तर पुढचा इतिहास कसा लिहिला गेला असता, सांगता येत नाही. इतकी माणसं एका विमानात बसवायची नाहीत, हा धडा त्या दिवशी समोर होता. तरी २२ नोव्हेंबर १९६३ ला पूंछमध्ये एक हेलिकॉप्टर तारांना अडकून पडलं आणि त्यात लेफ्टनंट जनरल दौलत सिंग, लेफ्टनंट जनरल बिक्रम सिंग, एअर व्हाइस मार्शल पिंटो यांच्यासह सहा जण गेले. पुढं ४ नोव्हेंबर १९७७ ला पंतप्रधान मोरारजी देसाई ज्या हवाई दलाच्या विमानात होते, तेही जोरहाटला उतरताना शेतात कोसळलं. मोरारजी वाचले, विमानाचे पाच कर्मचारी गेले. मला वाटतं, वाचलेल्या माणसाचं नाव आपल्या लक्षात राहतं आणि वाचवणाऱ्याचं राहत नाही, हा आपला जुनाच रोग आहे.

पुढच्याच वर्षी थोरातांची स्वतःची परीक्षा झाली. कोरियात तीन वर्षं चाललेलं युद्ध १९५३ च्या जुलैमध्ये थांबलं. प्रश्न उरला कैद्यांचा. हजारो चिनी आणि उत्तर कोरियाचे कैदी आपल्या देशात परत जायला तयार नव्हते. त्यांना दोन्ही बाजूंपासून वेगळं, तटस्थ ताब्यात ठेवायचं काम भारताकडं आलं. आयोगाचे अध्यक्ष थिमय्या आणि प्रत्यक्ष कैदी सांभाळणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख थोरात. जवळजवळ सहा हजार जवान आणि बावीस हजारांहून जास्त कैदी. कैद्यांच्या छावण्यांत आतूनच टोळ्या, धाकदपटशा, मारामाऱ्या. भारतीय सैनिक म्हणजे आपल्याला जबरदस्तीनं परत पाठवायला आलेली माणसं, असा बऱ्याच कैद्यांचा समज.

सप्टेंबर १९५३ मध्ये चिनी कैद्यांनी मेजर ग्रेवाल या भारतीय अधिकाऱ्याला आत ओढून नेलं आणि अडकवून ठेवलं. बाहेर बंदुका होत्या. गोळीबार केला असता तर कैदी मेले असते, ग्रेवालही वाचले नसते आणि भारताच्या तटस्थपणाचीही माती झाली असती. थोरात शस्त्र न घेता त्या खवळलेल्या जमावात गेले. दुभाष्याकरवी त्यांच्याशी बोलले, घरातल्या वडीलधाऱ्यानं पोरांना दटावावं तसं दटावलं, त्यांचा राग उतरू दिला आणि ग्रेवालांना घेऊन बाहेर आले.

या धैर्यासाठी थोरातांना अशोकचक्र, दुसरा वर्ग, मिळालं. त्यालाच १९६७ पासून कीर्तिचक्र म्हणतात. पद्मश्रीही मिळाली. ज्या पदकमालिकेतलं पहिलं पदक त्यांचा जीव वाचवणाऱ्या चालकाला मिळालं, त्याच मालिकेतलं दुसरं दुसऱ्याचा जीव वाचवल्याबद्दल त्यांना मिळालं. दोन्ही प्रसंगांत गोळी झाडणं कामाचं नव्हतं. हाताशी वेळ किती, जागा किती, हे थंड डोक्यानं मोजणं तेवढं कामाचं होतं. मला तर ही दोन्ही कामं एकाच जातीची वाटतात.

१९५७ मध्ये थोरात पूर्व विभागाचे सेनापती झाले. मुख्यालय लखनौलाच, म्हणजे त्या शेतापासून तासाभराच्या रस्त्यावर. त्यांच्या ताब्यात आजच्या अरुणाचलची, तेव्हाच्या नेफाची, चीनला लागून असलेली सरहद्द होती. १९५९ मध्ये तिबेटात उठाव झाला, दलाई लामा भारतात आले आणि वातावरण बदललं. दिल्लीत मात्र चीन हल्ला करणार नाही असंच धरून चाललं होतं.

थोरातांनी पुन्हा तेच केलं, जे चांगला चालक उतरण्याआधी करतो. आपल्याकडं काय आहे ते मोजलं. सरहद्दीपर्यंत रस्ते नाहीत. रसद विमानातून टाकावी लागते किंवा माणसांच्या आणि खेचरांच्या पाठीवर. उंच थंड डोंगरात लढायला जवानांकडं पुरेसे कपडे, तोफा, दारूगोळा नाही. पलीकडं चिनी मात्र पठारावर रस्ते बांधत पुढं येताहेत. ऑक्टोबर १९५९ मध्ये त्यांनी सविस्तर अहवाल लिहून वर पाठवला. चीन हल्ला करू शकतो, असलेल्या बळावर नेफा राखता येणार नाही आणि इतकं इतकं जास्तीचं बळ लागेल, असं त्यात मांडलं. अगदी सरहद्दीवरच्या चौक्यांनी शत्रूला फक्त उशीर लावायचा आणि मुख्य लढाई मागं, जिथं आपली रसद पोचते आणि त्यांची लांबते, अशा रेषेवर द्यायची, ही त्यांची योजना. सरसेनापती थिमय्यांनी तो अहवाल संरक्षणमंत्री कृष्ण मेननांपुढं ठेवला. मेननांनी तो मनावर घेतला नाही.

थोरात तेवढ्यावर थांबले नाहीत. १७ मार्च १९६० ला त्यांनी लखनौमध्ये 'लाल किल्ला' नावाचा सराव घेतला. चीननं हल्ला केला तर काय होईल, आपण कुठं कमी पडू, हे वरिष्ठ अधिकाऱ्यांपुढं नकाशावर मांडून दाखवलं. आपल्या भाषेत सांगायचं तर सिम्युलेशन करून दाखवलं. रिझल्ट नापास आला आणि तो सगळ्यांनी बघितला.

१९६१ मध्ये थिमय्या निवृत्त झाले. त्यांच्या मते पुढचे सरसेनापती थोरात व्हावेत. सरकारनं पी. एन. थापर यांना नेमलं आणि थोरात निवृत्त झाले. महाराष्ट्राला स्वतःचा सरसेनापती मिळता मिळता राहिला, असं म्हणणारे लोक आहेत. मला त्यापेक्षा जास्त खंत वेगळी वाटते. माणूस मागं पडला तर पडला. त्याचा अहवालही मागं पडला.

२० ऑक्टोबर १९६२ ला चीननं हल्ला केला. नेफात आपल्या सैन्याला सरहद्दीच्या अगदी टोकाला, रसद पोचत नाही अशा ठिकाणी, सुती कपड्यांत उभं केलं गेलं होतं. जवान जिवावर उदार होऊन लढले, पण महिन्याभरात बोमडिलापर्यंतचा मुलूख गेला. २१ नोव्हेंबरला चीननं एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. मेननांना पद सोडावं लागलं. पट्टी किती उरली आहे हे तीन वर्षं आधी मोजून सांगितलेलं असताना, चालकाच्या जागी बसलेल्यांनी ते ऐकलंच नाही. नंतर पंतप्रधान नेहरूंनी थोरातांना बोलावून घेतलं. तेव्हा कळलं की तो अहवाल नेहरूंच्या नजरेखालून गेलाच नव्हता.

अशा वेळी एखाद्यानं पुढची तीस वर्षं मी सांगितलं होतं, मी सांगितलं होतं, करत घालवली असती. थोरातांनी तसं केलं नाही. ते महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. म्हणजे आज ज्या एमपीएससीचे फॉर्म आपण होस्टेलमध्ये भरतो, ते आयोग त्यांनी महाराष्ट्र राज्याच्या सुरुवातीच्या वर्षांत सांभाळलं. राज्याला तहसीलदार, अभियंते, अधिकारी निवडून द्यायचं काम एका सैनिकाकडं होतं. नंतर इंग्रजीत आत्मचरित्र लिहिलं. १९५९ च्या अहवालाची हकिकत त्यात त्यांनी न चिडता, तारखांसह मांडली. १९९२ च्या ऑगस्टमध्ये ते गेले. वय ८६ च्या घरात होतं. संडीलाच्या त्या शेतानं त्यांना वर चाळीस वर्षं दिली.

मित्रांनो, आपण इंजिनिअर होणार. आपल्यातले काही जण पूल बांधतील, काही बॉयलर बघतील, काही कोड लिहितील. कधीतरी आपल्यापुढंही एखादा आकडा येईल, जो साहेबांना आवडणार नाही. हा बीम एवढा भार घेणार नाही, हा ब्रेक एवढ्या अंतरात थांबवणार नाही, असं तो आकडा सांगत असेल. थोरातांनी तो आकडा लिहून, सही करून, वर पाठवला. एकदा ऐकलं नाही तर दुसऱ्यांदा सगळ्यांसमोर मांडला. नोकरीत पुढं त्याचा फायदा झाला नाही. पण कागद राहिला आणि खरं कोण बोललं हे आज कुणालाही तपासता येतं.

आणि आकडा ऐकायची पाळी आपल्यावर येईल तेव्हा? आज आपण ज्युनिअर आहोत, उद्या कुणाचे तरी साहेब असू. हाताखालचा कुणी पट्टी संपत आली असं सांगायला आला, तर त्याला बसायला खुर्ची द्यावी आणि पूर्ण ऐकून घ्यावं. १९६२ मध्ये बर्फात उभ्या राहिलेल्या जवानांनी त्या न ऐकण्याची किंमत मोजली आहे.

जाता जाता एक सुचवतो. मेकॅनिकलच्या पोरांनी पुढच्या सेमिनारला 'मर्यादित लांबीत विमान थांबवणं' हा विषय जरूर घ्यावा. गणित सोपं आहे, पोस्टरही झकास होईल. आणि त्या पोस्टरवर एका कोपऱ्यात फ्लाइट लेफ्टनंट सुहास बिस्वास हे नाव लिहा. मोठ्या माणसांची चरित्रं आपण वाचतो; त्यातल्या एका चरित्राची अर्धी पानं ज्यानं वाचवली, त्याचं नाव निदान एका भिंतीवर तरी असावं.